पट्टी बांधून पेज

खुआंग : घट्ट बांध पट्टी. मागाहून म्हणायला नको, म्हाताऱ्याने चोरून बघितलं.

पेंग : मी म्हणेन का असं, वस्ताद? तीन वर्षं तुमच्या हाताखाली पेज ढवळली.

खुआंग : ढवळलीस कसली, बुडाला लावलीस! अख्खा हंडा गटारात ओतला होता मी, गिऱ्हाइकांसमोर. टाळक्यात पळी हाणली ती वेगळीच.

पेंग : खूण आहे अजून.

खुआंग : आणि आज परदेशी कोंबडीवाल्यांचा साहेब! सकाळी सातला ग्वांगझोत तुमची तळलेली तंगडी कोण खातंय, म्हणून आता पेजेवर आलात होय? पाकिटातली पूड नि गरम पाणी!

पेंग : अट ठरलीय. दोन वाट्या. तुमची ओळखलीत, तर आमच्या दारातला तुमचा गाडा तिथेच राहील. चुकलात, तर रविवारी जागा मोकळी करायची.

खुआंग : झोपेत ओळखेन रे! सूयिंग, वाट्या कुणी भरल्या?

सूयिंग : मीच भरल्या, बाबा.

खुआंग : पोटची पोर आहे, मग घोर कसला! आण.

(तो पहिल्या वाटीतला घोट घेतो आणि थुंकतो. दुसरी वाटी मात्र चाटूनपुसून संपवतो.)

खुआंग : पहिली म्हणजे नुसती खळ! भिंतीला जाहिराती चिकटवा तिने. दुसरी माझी. डुकराचं काळीज कसं कोवळं राहिलंय बघ. संत्र्याची वाळकी साल तर अशी उतरलीय... तुझ्या साहेबांच्या बापाला जमायचं नाही.

पेंग : नक्की?

खुआंग : माझ्या मेलेल्या बायकोची शपथ.

पेंग : सोडा पट्टी. दोन्ही वाट्या तुमच्याच हंड्यातल्या आहेत.

खुआंग : खोटारड्या! सूयिंग, सांग याला.

सूयिंग : खरंय, बाबा. एकाच पळीने वाढल्या.

खुआंग : याने शिकवलं तुला?

सूयिंग : मी सांगितलं याला. त्या तापापासून तुमच्या जिभेची चव गेलीय. दोन वर्षं झाली, तुम्ही चाखून मान डोलावता, आणि तुमची पाठ वळली की मी मीठ-मसाला सारखा करते. वर तुमच्याच शिव्या खाते, की मला चव कळत नाही.

खुआंग : मला सांगायचंस ना गं.

सूयिंग : सांगितलं होतं. पहिल्याच आठवड्यात. तुम्ही पळी हाणलीत.

पेंग : सोमवारपासून आमच्या दुकानात पेजेची चव या सूयिंगच ठरवतील. पाटीवर नाव मात्र तुमचंच हां, वस्ताद. ‘खुआंगची पेज’. यासुद्धा खुआंगच की.

खुआंग : ...रविवारपर्यंत तरी गाडा माझा आहे ना? उद्याचा तांदूळ भिजत घातलाय मी. तेल-मीठ चोळून.

सूयिंग : तो ओतून दिला मी, बाबा. मीठ म्हणून साखर चोळली होतीत तुम्ही.