एकेरी की परतीचा?

तात्पुरत्या परवान्यांच्या खिडकीपुढे माझ्या आधी एक भाऊ आणि त्याची बहीण उभे होते. त्यांचे म्हातारे वडील बाजूच्या बाकावर डोळे मिटून बसले होते.

"वाहन कोणतं?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"मालाचा टेम्पो, मॅडम. राज्याच्या हद्दीपलीकडे, हिच्या घरी जायचंय. वडील पुढे ड्रायव्हरशेजारी बसतील."

"मालाच्या परवान्यावर माणूस चालत नाही. नाक्यावर उतरवतील त्यांना."

"मग त्यांच्यासाठी टॅक्सीचा वेगळा द्या."

"टेम्पोत काय आहे?"

"वडिलांचा पलंग, कपाट, त्यांचं शिलाई मशीन."

"दादा, मशीन कशाला? बाबा चार दिवसांसाठी येतायत ना माझ्याकडे?"

"अगं, हळू बोल."

"त्यांना तू तसंच सांगितलंयस. मलाही!"

"ताई, घरचं घरी बोला, मागे रांग आहे. टेम्पो एकेरी की परतीचा?"

"एकेरी."

"आणि टॅक्सी?"

"तीही एकेरीच."

"मॅडम, टॅक्सी परतीची लिहा. दादा, आता मूग गिळून बसू नकोस. सांग ना बाबांना खरं!"

"काय सांगू? तुझी वहिनी म्हणते..."

"वहिनीवर ढकलू नकोस."

"अहो, मी नक्की लिहू काय?"

"एकेरीच लिहा, बाई." बाकावरच्या वडिलांनी डोळे उघडले नाहीत. "मशीन हलवायचं असलं की आधी सुई काढून ठेवायची असते. ती मी परवाच काढून खिशात ठेवलीय."