अस्सल कुणाचं

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आमच्या प्राचार्या माननीय सत्यभामा मॅडम. व्यासपीठावर विराजमान असलेले संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी. ज्यांच्यासाठी हा हॉल आज झेंडूनं सजवला आहे ते आमचे सोमनाथ सर. सरांसोबत आलेल्या त्यांच्या सौभाग्यवती. सर्व प्राध्यापक आणि कार्यालयीन कर्मचारी. तिसऱ्या रांगेत खिडकीजवळ बसलेले पुंडलिक काका. आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो, सर्वांना माझा जय भीम, नमस्कार आणि आदाब.

मी करुणा. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. सूत्रसंचालन करणाऱ्या मोनिकानं मला पाच मिनिटं दिली आहेत आणि 'सरांच्या सिनेमाच्या तासाच्या गमती सांग' असं बजावलं आहे. गमती आहेत, त्या आधी सांगते. पाच मिनिटांत मात्र हे भागणार नाही. त्याबद्दल अध्यक्षांनी आत्ताच सांभाळून घ्यावं.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला 'चित्रपट आस्वाद' हा विषय आम्ही का घेतला होता? खोटं कशाला बोलू, फुकटात सिनेमे बघायला मिळतील म्हणून. पहिल्याच तासाला सरांनी खिडक्यांना जाड काळे पडदे लावले, पंखा बंद केला, कारण पंख्यानं पडदा हलायचा, आणि जूनच्या उकाड्यात आम्हाला एका परदेशी विधवेचा सिनेमा दाखवला. ती बाई त्यात जिने धुते. दोन तास धुते. सत्यमनं शेजारच्याला विचारलं, "हिचा जिना संपतो का नाय?" सर मागं उभे होते. ते म्हणाले, "हाच प्रश्न वहीत लिही."

ती वही म्हणजे आमची प्रतिक्रिया-वही. दर सिनेमानंतर एक पान लिहायचं आणि शनिवारी जमा करायचं. नियम एकच होता. सर म्हणायचे, "गोष्ट मला माहीत आहे, ती सांगू नका. सिनेमा बघताना तुम्हाला काय झालं ते सांगा." आता आम्हाला काय होणार? पहिल्या आठवड्यात अर्ध्या वर्गानं लिहिलं, 'कॅमेरा छान आहे.' सत्यमनं लिहिलं, 'चित्रपट काळापांढरा असूनही शेवटपर्यंत बघता आला.' मी लिहिलं की माझी आई सिडकोतल्या तीन इमारतींचे जिने धुते, आणि ती घरी आल्यावर तिचे हात कसे दिसतात हे मला त्या परदेशी बाईचे हात बघेपर्यंत माहीत नव्हतं. सरांनी समासात लिहिलं, 'इथं तू दिसलीस.' माझ्याबद्दल इतकं चांगलं तोवर कुणी लिहिलं नव्हतं. त्या रात्री आईला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "सरायला म्हणावं, जिन्याला बी वर्गात घ्या."

तुम्ही हसलात, बरं वाटलं. आता पुढचं ऐका.

माझ्या शेजारच्या बाकावर सुयश बसायचा. इथल्या बऱ्याच जणांनी त्याचं नाव ऐकलं आहे, कारण दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये आपण त्याची शोकसभा घेतली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. छावणीत राहायचा, सायकलवर यायचा, अक्षर बारीक आणि उजवीकडं झुकलेलं. वही नेहमी उशिरा द्यायचा. बोलणं कमी. पुंडलिक काका त्याचे वडील. काका तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आहेत. जुने बस्ते काढायचे, त्यातला कागद शोधायचा, अर्जदाराला नक्कल द्यायची, हे त्यांचं काम.

त्या वर्षी सातवा की आठवा सिनेमा एका लहानशा स्टेशनातल्या मास्तरचा होता. त्या स्टेशनावर गाडी थांबायचं बंद होतं, तरी तो मास्तर रोज संध्याकाळी बत्ती घेऊन फलाटावर उभा राहतो. हे मी तुम्हाला आज सांगू शकते. तेव्हा सांगू शकले नसते, कारण त्या तासाला मी वर्गात नव्हते. मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी गुलमंडीत ड्रेसचं कापड बघत होते. शनिवारी सकाळी वही द्यायची होती आणि पान कोरं होतं. मी सुयशची वही मागितली. त्यानं जरा वेळ माझ्याकडं बघितलं आणि दिली.

सुयशनं काय लिहिलं होतं ते मी वाचते. मूळ पान माझ्यासमोर आहे.

'गाडी थांबत नाही याचं मास्तरला काही वाटत नसावं. आपण बत्ती दाखवली नाही तर कुणाच्या लक्षात येईल का, एवढंच तो बघतोय. मीपण हल्ली तेच बघतो. मागच्या मंगळवारी मी दिवसभर कुणाशी बोललो नाही. कुणी विचारतं का, बघत होतो. घरी गेलो, जेवलो, झोपलो. बुधवारीही तसंच केलं. सिनेमात शेवटी मास्तर बत्ती लावत नाही तेव्हा गाडी थांबते. तो सिनेमा आहे म्हणून थांबते.'

मित्रमैत्रिणींनो, हे मी शब्दन् शब्द उतरवून घेतलं. उतरवताना काय विचार केला असेन? एकच केला, क्रियापदांचा. मी मुलगी आहे ना. 'बघतो'चं 'बघते' केलं. 'बोललो नाही'चं 'बोलले नाही' केलं. 'गेलो, जेवलो, झोपलो' हे तिन्ही नीट बदललं. त्या मंगळवारी मी त्याच्या शेजारच्याच बाकावर बसले होते, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. माझं सगळं लक्ष त्या लो आणि ले यांच्यात होतं. तरी एक क्रियापद राहिलंच. 'बघत होतो' हे तसंच राहिलं.

माझी वही वेळेवर गेली. त्याची नेहमीप्रमाणे दुपारी गेली.

सोमवारी सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. चहा मागवला. माझी वही त्यांच्यापुढं उघडी होती. 'बघत होतो'भोवती लाल गोल होता आणि वर दुरुस्ती होती, 'होते'. सर म्हणाले, "करुणा, हे तुझं खरंच असं चाललंय?" सर, तुमचा तेव्हाचा आवाज माझ्या अजून कानात आहे. मला सांगता आलं असतं. पण बंक मारला, नक्कल केली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मी मान खाली घातली. तुम्हाला वाटलं, मुलीला रडू येतंय.

मग तुम्ही विचारलं, "सुयशचं पान अगदी असंच आहे. त्यानं तुझं बघून लिहिलंय का?"

मी म्हणाले, "असेल, सर."

मी एवढंच बोलले. त्याच्या पानावर तुम्ही लाल पेनानं 'नक्कल' लिहिलं आणि खाली सही केली.

त्यानंतरचे तीन आठवडे माझे फार चांगले गेले. हे सांगताना मला माझीच किळस येते, पण सांगायला हवं. सर रोज हजेरीनंतर माझं नाव घेऊन विचारायचे, "काय करुणा, कशी आहेस?" समुपदेशनाच्या रूपाली मॅडम दोनदा जवळ बसल्या. सरांनी स्वतःचा फोन नंबर माझ्या वहीवर लिहून दिला, 'केव्हाही' असं लिहून. मैत्रिणी डबा माझ्यासोबत खाऊ लागल्या. मला ते आवडलं. आणि जे जे माझ्याकडं येत होतं, ते ज्याचं होतं तो दीड हातावर बसून बघत होता.

त्यानं भांडायला हवं होतं. तो भांडला नाही. एकदाच, सायकल स्टँडवर, त्यानं विचारलं, "सर काय म्हणले गं?"

मी म्हणाले, "काय नाय, कशी आहेस म्हणले."

तो म्हणाला, "विचारलं ना? बरं झालं." आणि सायकल काढून गेला.

त्या शनिवारपासून बाविसाव्या दिवशी सुयशनं आपलं आयुष्य संपवलं. कसं, ते मी सांगणार नाही. चिठ्ठी नव्हती. शोकसभेत एकेक जण उठून म्हणाला की त्यानं कधी काही सांगितलंच नाही. सर शेवटी बोलले. सर, तुम्ही याच माइकसमोर उभे होतात. तुम्ही म्हणालात, "त्याच्या वहीवर मी लिहिलेला शेवटचा शब्द 'नक्कल' आहे. त्यानं एक पान जरी स्वतःचं लिहिलं असतं, तर कदाचित मला कळलं असतं." मी पाचव्या रांगेत होते. मी रडले. सगळ्यांनी मला धरलं.

त्यानं स्वतःचं लिहिलं होतं, सर. तुमच्यासाठीच लिहिलं होतं. ते दोघांनी वाचलं. तुम्ही माझ्या वहीत वाचलंत आणि तुमचं काळीज हललं. मी त्याच्या वहीत वाचलं आणि मला फक्त क्रियापदं दिसली.

त्यानंतर तुम्ही प्रतिक्रिया-वही बंद केलीत. मग सिनेमेही बंद झाले. आणि आज, निवृत्तीला चार वर्षं असताना, तुम्ही जात आहात. आधीच्या वक्त्यांनी तब्येतीचं कारण सांगितलं. मी तुमच्या फाटकापर्यंत तीनदा आले होते आणि तीनदा परत गेले.

काल मी छावणीत पुंडलिक काकांकडं गेले. त्याआधी एकदा गेले होते, सुयश गेल्यावर महिन्याभरानं. शोकसभेला काका आले नव्हते, सर तिथं काय बोलले ते त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा काकांनी मला त्याची वही दाखवली होती, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. त्या पानावर बोट ठेवून ते म्हणाले होते, "सरांनी नक्कल लिवलंय बघ. खाली सही बी हाय. म्हंजी त्यानी हे खरं मानलं ना, पोरी?"

काकांच्या कचेरीत नक्कल म्हणजे खोटं नसतं. नक्कल म्हणजे ताडून बघितलेला, शिक्का मारलेला कागद, जो कुठंही खरा म्हणून चालतो. काकांना वाटत होतं की सरांनी त्यांच्या मुलाच्या दुःखाला शिक्का दिला. मी तेव्हा म्हणाले, "हो काका." दोन वर्षं ते त्या शब्दावर जगले.

काल मी त्यांना दोन्ही अर्थ सांगितले आणि माझी वही दिली. त्यांनी चष्मा लावला, दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, आणि एक बोट इकडं, एक बोट तिकडं ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. पस्तीस वर्षं हेच काम केलेला माणूस आहे. माझ्या 'बघत होतो'वर बोट थांबलं. लाल गोलावर त्यांनी दोनदा अंगठा फिरवला. म्हणाले, "ही चूक नाय. हा माझा पोरगाच हाय. सरांनी खोडला त्याला."

मी पाय धरायला वाकले. त्यांनी पाय मागं घेतले. ते त्यांनी बरोबरच केलं.

मग दोन्ही वह्या माझ्या हातात देत म्हणाले, "म्हंजी अस्सल सुयशचं व्हतं." मी हो म्हणाले. "मग तसं लिहून आण. आमच्यात दुरुस्ती कुणीबी करत नसतं. ज्याची सही, त्यानंच करायची. आन् नोंद जिथं झाली, तिथंच."

म्हणून हे इथं बोलले. सरांच्या घरी नाही, चिठ्ठी लिहूनही नाही. त्याचं पान सगळ्यांदेखत नकली ठरलं ते शोकसभेत, या हॉलमध्ये ठरलं. निरोपाच्या दिवशी असं बोलायचं नसतं हे मला कळतं, आणि सर, तुमच्यावर हे ओझं टाकताना माझ्या मनात ते हलकं करायची आशा आहे की वाढवायची भीती, हे मला स्वतःला नीट ठरवता येत नाही. काकांना मात्र थांबायला सांगायचा हक्क मला नव्हता.

एक राहिलं. तो सिनेमा मी मागच्या महिन्यात ग्रंथालयात एकटीनं बघितला. प्रतिक्रिया दोन वर्षं उशिरा देते आहे. शेवटी गाडी थांबते, इंजिनवाला कंदील घेऊन उतरतो, मास्तरला हाका मारतो. आणि ते बघायला मास्तर तिथं नसतो. सुयश, तुझ्यासाठी हा हॉल भरला होता. बाहेर व्हरांड्यातही माणसं उभी होती. तू ते बघितलं नाहीस. कुणी विचारतं का हे बघायचं असेल तर इथंच असावं लागतं रे, आणि आमचं काम होतं तुला त्या बुधवारीच विचारणं. गाडी बत्ती असतानाच थांबायला हवी होती. माझं पान संपलं.

आभार मानायचे आहेत. सर, आईचे हात मला तुम्ही दाखवलेत, ते ऋण माझ्यावर राहील. प्राचार्या मॅडमनी मला मध्ये थांबवलं नाही, त्यांचे आभार. काका आज आले, त्यांचे आभार मानायची माझी लायकी नाही. भाषणाच्या शेवटी, बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घ्या, असं म्हणायची आपल्याकडं पद्धत आहे. माझी एवढी विनंती आहे की ही चूक कुणी पोटात घेऊ नका. दोन वर्षं मी तेच करत होते.

सर, दोन्ही वह्या तुमच्यासमोर टेबलावर ठेवते. त्याच्या पानावरचा तो शब्द खोडा, 'अस्सल' लिहा आणि खाली सही करा. खोडलेला शब्द माझ्या पानावर लिहा.

लाल पेन मी आणलं आहे.