सुई म्हणायचं असतं

—नाही काका, पाणी नंतर. आधी माझं ऐका, मेट्रन एवढ्यात फेरीला येतील. परवा मला जे म्हणालात तेच त्यांना सांगायचं. घाबरताय कशाला, कोर्टात नाही नेत मी तुम्हाला. आमच्याकडे एक पद्धत आहे — उघडी सुई हातात असली की मोठ्यानं 'सुई' म्हणायचं, म्हणजे समोरची हात मागे घेते. एवढासा शब्द, तो आमच्या टकळीला जमला नाही. टकळी म्हणजे तीच हो, माझ्याबरोबर ड्यूटीला असते ती — तोंडाची टकळी कधी थांबत नाही म्हणून मीच पाडलेलं नाव. तुमचं रक्त काढून झालं, हिचं आपलं चाललंय, घरात पडदे निळे लावू की पिवळे, आणि बोलता बोलता ती वळली आणि सुई माझ्या बोटात. हातमोज्यातून आरपार. धुतलं मी, साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, सगळं नियमानं — पण तुमच्या रक्तात काविळीचा विषाणू आहे. त्यात तुमचा काय दोष? फक्त काविळीच्या या प्रकारावर लस नसते, की सुई टोचल्यावर लगेच घ्यायचं औषधही नसतं. वाट बघायची, पुन्हा पुन्हा रक्त तपासायला द्यायचं.

तेही सोसलं असतं हो. चुका कुणाच्या होत नाहीत? पण मेट्रनपुढे ती म्हणाली, "मी सुई म्हणाले होते, हिचंच लक्ष नव्हतं." माझ्याकडे न बघता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. माझी लेक जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा हातात घेतलं ते हिनं, माझ्याही आधी — आणि आता तीच लेक पापा द्यायला आली की मी तोंड फिरवते. पाप्यानं काही होत नाही, मला ठाऊक आहे, पेशंटच्या घरच्यांना मीच समजावते. तरी फिरवते. घरी सांगितलंय, सर्दी झालीय... जाऊ दे, हे तुम्हाला कशाला सांगतेय मी.

तर तुम्ही एवढंच म्हणायचं, ती सुई म्हणाली नाही. परवा माझा हात धरून म्हणालात ना, "पोरी, ती पडद्यांचंच बोलत होती"? मग छताकडे काय बघताय? काय? मोठ्यानं बोला — नीट आठवत नाही? म्हणालीही असेल?

काका, ही दुसरी उशी कुठून आली? अख्ख्या वॉर्डात मागून मिळत नाही ती.

तिनं दिली. बरं. काढू नका, असू दे डोक्याखाली, मऊ आहे. आणि आता काही बोलू नका. बाही वर करा, इंजेक्शनची वेळ झाली. हात सैल सोडा.

सुई.