ओढा कोणी खारवला

मिनेसोटात मार्चमधला बर्फ वितळायला लागला होता, तरी हार्डवेअरच्या दुकानात पायऱ्या-अंगणातला बर्फ वितळवायच्या मिठाची पोती खपतच होती. रांगेत लव्हॉनच्या पुढे दोन म्हातारे उभे होते.

"लाइल, तुझ्या ढकलगाडीत मीठ? ओढ्याचा राखणदार ना तू?"

"परत करायला आणलंय. दर शनिवारी मी ओढ्यात पट्टी बुडवतो. पाणी किती खारट झालंय, ते तिच्या रंगावरून कळतं. चर्चच्या गटारापाशी ठीक होतं, शाळेपाशीही ठीक."

"मग?"

"माझ्या दारासमोरचं गटार ओढ्यात उतरतं ना, तिथे थेट समुद्र."

"पट्टी खराब असेल."

"तीन बदलल्या, ऑर्विल. त्याआधी चर्चलाच दोषी धरून त्यांना खरमरीत पत्रही लिहून झालं होतं."

लव्हॉनने आपल्या दोन पोत्यांवर कोट टाकला.

"अरे, पण अंगणाला एक मगभर मीठ पुरे म्हणून गल्लीभर मग वाटलेस ना तू?"

"वाटले. वर मासाही छापून घेतला. माझ्या मगात मी कॉफी पितो, आणि मीठ फावड्याने टाकतो."

"कमाल आहे तुझी."

"माझी मार्गिट बर्फाळ पायरीवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून हात आवरत नाही."

"पण ती दोन वर्षं लेकीकडे ॲरिझोनात आहे ना?"

"आहे."

"मग पायऱ्या कुणासाठी खारवतोस?"

लाइलने ढकलगाडी पुढे सरकवली. त्याचा नंबर आला होता.

"हे परत घ्यायचंय ना?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"ईस्टरच्या सणाला कुणी घरी आलंच, तर तेव्हा बर्फ पडेल का हो?" लाइल म्हणाला.