पिओनीची एकच कळी

हॅलो?

कोण, नीलम? … पोचले का अकोल्याले? बरं. मंग ठेव आता, माझं डोकं ठिकाणावर नाई.

काऊन म्हणजे? कळी गेली माझी. पिओनीची. पहाटे तू अन् श्यामभाऊजी स्टँडवर गेले, मी अंगणात आली, तं कुंडीत नुसता देठ… वानर, दुसरं कोण? तवापासून काठी घेऊन बसली आहे. कवठावर दिसला का हाणते.

हो, हो, तेच, बर्फाचं झाड. हास. थंड मुलखातलं आहे ते, त्याले गारठा लागते. अमरावतीत कुठून आणू? दर हिवाळ्यात सांजेले कुंडीत बर्फ टाकला. हे म्हणत, फ्रीजमध्ये दह्याले जागा नाई अन् झाडाचे लाड चालले. पयले कंद खोल पुरला, तं नुसती पानं. मंग उकरून दोन बोटांवर आणला, काळी माती काढली, रेती घातली. तवा कुठं यंदा कळी धरली. एकच.

मुंग्या? कुठं मुंग्या? … तुझ्या देवघरात मुंग्या झाल्या त्याले मी काय करू? प्रसादाची साखर सांडली असंल.

कळीतून?

कोणत्या कळीतून, नीलम?

थांब… अवं ऐक ना, थांब. हिरवी, गोल, सुपारीहून मोठी? … आज प्रकटदिन म्हणून. महाराजांच्या फोटोपुढं.

तू तोडली.

देवाले वाहिली म्हणजे तोडली नाई का? तिकडं फिरायले जाते अन् साऱ्या कॉलनीची जास्वंद पिशवीत भरते, ते तुझं तू पाह. हे माझं अंगण होतं. … झोपली होती म्हणून विचारलं नाई? आंघोळीचं पाणी तापवायले तं उठवलं मले.

वरडून नाई राहिली मी. वानर परवडला. त्याले धाकटी जाऊ म्हणा लागत नाई.

वास्तुशांती? ते आता काऊन काढलं? … काढलंच तं ऐक. तुझ्या वास्तुशांतीले मी दिलेली साडी तू माझ्यासमोर भांडेवालीच्या हातात दिली. तवाच म्हणलं, तुझ्या घराचा उंबरठा ओलांडणार नाई. ओलांडला का? … मंग.

काय टाकून राहिली? … पावडर? नीलम, डबा खाली ठेव. मुंग्या राहू दे. कळीले गोड रस सुटते, तो खातात अन् जातात. काही बिघडवत नाईत. तुझ्याहून बऱ्या.

ठेवला? … बरं. कळी हातात घे. दाब. हळू वं, लिंबू नाई पिळायचं. कडक आहे का नरम?

नरम म्हणजे कशी?

… पेढ्यासारखी.

नाई, रडून नाई राहिली. ऐक. नरम झाली असंल तं पाण्यात बी उमलते. देठ किती आहे? … चार बोटं. तिरपा काप, चाकूनं, कैचीनं नको चेचू. माठातलं पाणी घे ग्लासात. कुंकू लागलं असंल तं फुंकून टाक.

ठेवली? … काय? पाकळी सुटली?

रंग सांगू नको.

सांगू नको म्हणलं ना. कंद विकणाऱ्याले बी माहीत नव्हता. पांढरं निघंल का गुलाबी, इतकी वर्षं मी… तोंड बंद ठेव जरा. येऊन राहिली मी. बडनेऱ्याहून मिळंल ती गाडी धरते.

आत नाई येणार. दाराबाहेर स्टूल मांड, त्यावर ग्लास ठेव. पाहीन अन् घेऊन जाईन.

दारात ऊन येते? … किती?

नाई, ऊन नाई चालत त्याले. उमललं का लगेच मान टाकते.

…

आतच ठेव मंग. माठाजवळ. … हो, ऐकलं तू बरोबर. येते आत. चहा मांडू नको. चहा प्यायले नाई येत मी.

अन् नीलम… त्या खोलीचं दार लोटून घे. तू बी पाहू नको.

ठेवते.