कुडाआडची शिकवणी

(टोंगाच्या हापाई बेटांवरचं एक गाव. शनिवारची दुपार. पडवीत तोआकासे आणि तिची आत्या सालीचं कापड ठोकत बसल्या आहेत. पडवीला लागूनच, कुडाच्या पलीकडे, तोआकासेच्या थोरल्या भावाची, फेलेतीची खोपी.)

आत्या: मग? पुढे काय केलं त्या गोऱ्या बाईनं?

तोआकासे: काय करणार! आमचं आडनाव बघितलं आणि दोघांना एकाच कॉम्प्युटरसमोर शेजारी शेजारी बसवलं. म्हणे, घरचेच आहात, बरं जमेल तुमचं.

आत्या: अगंबाई! भावा-बहिणीला? एका पडद्यासमोर?

तोआकासे: सगळा हॉल चिडीचूप. दादा असा ताडकन उठला की खुर्चीच पडली. जाऊन बाहेर आंब्याखाली उभा राहिला. ब्रॉनविन बाई मला हळूच विचारते, तुमचं भांडण झालंय का?

आत्या: भांडण! अगं, साधा टीव्ही मी कधी भावाबरोबर बघितला नाही, म्हणावं तिला. तुझ्या बापाच्या खोलीत उभ्या जन्मात पाऊल टाकलं नाही मी. म्हणे भांडण! मान ठेवतो आम्ही, मान!

तोआकासे: सांगितलं ना मी. तर म्हणाली, मग तू त्याला शिकवणार कशी?

आत्या: खरंच की. कशी?

तोआकासे: म्हटलं, कुडातून. तो त्याच्या बाजूला, मी माझ्या बाजूला. मी सांगायचं, त्यानं करायचं. तेव्हापासून तसंच चाललंय.

आत्या: वा गं मास्तरीणबाई! थोरल्याला धाकटी शिकवते, तीही तोंड न बघता.

तोआकासे: कार्यक्रमच तो आहे, आत्या. आधी आम्ही पोरांनी शिकायचं, मग गावातल्या एकेकाला हाताशी धरून शिकवायचं. फोन, व्हिडिओ, मुलाखत, सगळं. पुढारी म्हणजे तोच, जो दुसऱ्याला पुढे काढतो, असं म्हणते बाई.

आत्या: पुढारी म्हणे! आधी मोगरी नीट धर. एकाच जागी ठोकत बसलीयस, भोक पाडशील. पण तुझ्या हाताला गुण आहे हं. लोसेला शिकवलंस, ती ऑकलंडला गेली. मग तो सेमिसीचा पोरगा. मग त्या जुळ्या. तू ज्याला शिकवावंस तो विमानात बसतो.

तोआकासे: हो ना.

आत्या: आणि तू मेली इथंच. शिडी धरायला. … अरे फेलेती! आहेस का तिकडे? उद्या जेवण भाजायच्या भट्टीला लाकडं आणलीस का?

फेलेती: आणतो, आत्या.

आत्या: आणतो, आणतो. आणि ते तुझं ऑस्ट्रेलियात फळं तोडायला जायचं काय झालं? त्या मळेवाल्यांचा काही निरोप?

फेलेती: नाही. व्हिडिओ त्यांना मिळालाच नाही. आज चारपर्यंत पाठवला तर चालेल म्हणतात. शेवटचा दिवस आहे.

आत्या: मिळाला नाही म्हणजे? गेल्या शनिवारी पाठवलास ना? ही तर म्हणाली, गेला.

तोआकासे: … नेट गेलं असेल मध्येच.

आत्या: चुलीत घाला तुमचं नेट! छपराला पत्रे यायचेत माझ्या. तुमचा बाप गेला तो तिकडचाच झाला, निदान हा तरी परत येईल. याला माझ्या हातचं लू लागतं, अळूच्या पानात नारळाचं दूध जरा कमी पडलं तर तोंड पाडतो. चल, मी निघाले. गाण्याची तालीम आहे चर्चमध्ये. माझ्याशिवाय त्या बायकांना वरचा सूर लागत नाही आणि माझ्यासकट तर मुळीच लागत नाही. एवढा पट्टा ठोकून ठेव गं.

तोआकासे: बरं.

…

तोआकासे: दादा, आहेस?

फेलेती: आहे. कुडाला टेकून बसलोय. नेट इथंच येतं.

तोआकासे: व्हिडिओ पुन्हा केलास?

फेलेती: केला. सकाळी, समुद्रावर. कमरेला मानाची चटई बांधून, नीटनेटका.

तोआकासे: ऊन तोंडावर घेतलंस ना? सूर्य पाठीमागे असला की तोंड काळं येतं.

फेलेती: तू सांगितलंस तसंच केलं.

तोआकासे: मग उघड तो. खाली दोन खुणा दिसतील.

फेलेती: दिसतायत. एक हिरवी, एक लाल.

तोआकासे: …

फेलेती: गेल्या वेळी मी लाल दाबली होती. वर्गातला सोसाइया म्हणाला, लाल म्हणजे पुसून टाकायची. हॉलमध्ये सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, बहीण एवढी हुशार, तिनं एवढंही सांगितलं नाही होय रे?

तोआकासे: मग तू काय म्हणालास?

फेलेती: म्हटलं, तिनं हिरवीच सांगितली होती. मीच धांदरट. ब्रॉनविन बाई म्हणाली, पुढच्या वेळी लक्ष दे. म्हटलं, देतो.

तोआकासे: का पण? का असं सांगितलंस? ओरड ना माझ्यावर!

फेलेती: बहिणीवर कुणी ओरडतं का?

तोआकासे: मी मुद्दाम लाल सांगितली, दादा. चुकून नाही. मला चांगलं माहीत होतं.

फेलेती: मलाही माहीत होतं. सोसाइया हसला तेव्हाच कळलं.

तोआकासे: मग आठवडाभर गप्प बसलास?

फेलेती: काय बोलू?

तोआकासे: … आपल्यात निरोप घेताना जाणारा म्हणतो 'राहा', मागे उरणारा म्हणतो 'जा'. दोन वर्षं मी नुसती 'जा' म्हणतेय. लोसेला जा. जुळ्यांना जा. धक्क्यावर जाऊन हात हलवायचा, घरी येऊन मोगरी धरायची. बाबांनासुद्धा मीच हसत हसत म्हटलं होतं, जा. आई गेल्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता.

फेलेती: मी बाबांसारखा नाहीये.

तोआकासे: बाबा तरी कुठे होते बाबांसारखे?

फेलेती: … फोन करीन ना. रोज करीन.

तोआकासे: फोनवर माणूस बोलतो तेवढाच असतो, दादा. इथं तू काहीच बोलला नाहीस तरी कळतं. खोकतोस. नारळ सोलतोस. चर्चचं गाणं चुकीच्या चालीत गुणगुणतोस. फोनवर कोण खोकत बसतं?

फेलेती: चुकीच्या चालीत?

तोआकासे: फार चुकीच्या. … जेवणं झाली की आत्या घोरायला लागते. मग मी इथं येऊन बसते. आपण काही बोलतोही नाही. पण आहे कुणीतरी पलीकडे, एवढं पुरतं मला. तू गेलास की नुसता कूड राहील. मी काय कुडाशी बोलू?

फेलेती: मग सांग.

तोआकासे: काय सांगू?

फेलेती: कुठली दाबू ते. सोसाइया सकाळीच पाठवून देत होता, मी नको म्हटलं. तू म्हणशील ती दाबीन. लाल म्हणालीस तर लाल. परत विचारणार नाही, कुणाला सांगणारही नाही.

तोआकासे: असं माझ्या गळ्यात का मारतोस?

फेलेती: तू मोठी आहेस.

तोआकासे: मोठी? तीन वर्षांनी धाकटी आहे मी!

फेलेती: बहीण आहेस. आपल्यात भावापेक्षा बहीण मोठीच.

तोआकासे: … तुला जायचंय का? मला बरं वाटावं म्हणून नको, खरं सांग.

फेलेती: … जायचंय.

तोआकासे: खूप?

फेलेती: माझ्या वयाचं कोण उरलंय इथं? तो सोसाइया, तोही पुढल्या महिन्यात चाललाय. रग्बीला दोन्हीकडून मिळून एक संघ होत नाही. दिवसभर रताळी खणतो, संध्याकाळी बोट येते ती बघतो, जाते ती बघतो. तू म्हणतेस ना, तू कुडाला टेकून बसतेस? मीही त्यासाठीच बसतो. पण दोघांनी असं टेकून किती वर्षं बसायचं गं? … चार वाजत आलेत.

तोआकासे: माहितीये.

फेलेती: घाई नाही. नाही म्हणालीस तरी—

तोआकासे: हिरवी.

फेलेती: नक्की?

तोआकासे: हिरवी म्हटलं ना! आता पुन्हा विचारलंस तर लाल म्हणेन.

फेलेती: दाबली. … गोल गोल फिरतंय काहीतरी.

तोआकासे: फिरू दे. फोन हलवू नकोस. कुडाजवळच धर.

फेलेती: धरलाय. … थांबलं. 'पोचला' असं आलंय.

तोआकासे: वाचलंस नीट?

फेलेती: वाचलं. पोचला.

तोआकासे: झालं मग. शाब्बास.

फेलेती: रडतेयस?

तोआकासे: छे. कापड ठोकतेय.

फेलेती: मोगरीचा आवाज तर येत नाहीये.

तोआकासे: तू आपला फोनकडे बघ. … काय काय बोललास त्यात? मला काही बघता यायचं नाही.

फेलेती: नाव, गाव. किती ओझं उचलतो ते. उन्हाचं काही वाटत नाही, दारू पीत नाही.

तोआकासे: आणि तो शेवटचा प्रश्न? घरी कोण आहे, तुझ्यावाचून त्यांचं अडेल का? अडेल म्हटलं की घेत नाहीत. पोरगं मध्येच पळून येईल अशी धास्ती असते त्यांना. सेमिसीच्या थोरल्याला त्याच्यावरूनच नाकारलं.

फेलेती: ठाऊक आहे. म्हटलं, एक आत्या आहे, एक बहीण आहे. बहिणीचं माझ्यावाचून काही अडत नाही.

तोआकासे: … स्पष्ट बोललास ना? अडखळला नाहीस?

फेलेती: बाकीचं सगळं एका दमात झालं. तेवढं वाक्य मात्र पुन्हा पुन्हा घ्यावं लागलं.