स्वप्नं पडायची ती गोळी

(दुपारी बंद असलेला पोहण्याचा तलाव. तलाव सांभाळणारा भाऊ काठावर पाय सोडून बसलेला. औषधांचं दुकान चालवणारी धाकटी बहीण शेजारी.)

बहीण: मूठ उघड, दादा.

भाऊ: एकच आहे गं.

बहीण: ही उदासीवरची जुनीच गोळी ना? डॉक्टरांनी बंद केलेली? फेकून दे म्हटलं होतं ना मी!

भाऊ: एकीनं काय होतंय? नवीही घेतोच आहे की.

बहीण: म्हणूनच तर, दीडशहाण्या! मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीकडे न्यायला एक रसायन असतं. काम झालं की ते परत शोषलं जातं. जुनी गोळी ते शोषणं अडवायची. नवी वेगळ्या जातीची. त्या रसायनाची मोडतोड करणाऱ्या घटकालाच ती थोपवून धरते. दोन्ही वाटा एकदम बंद केल्यास तर?

भाऊ: तुंबेल.

बहीण: तुंबेल! ताप चढेल, अंग थरथरेल, जीवसुद्धा जाईल. उगाच का मधे काही दिवस बिनगोळीचं ठेवलं होतं तुला? तलावात एक औषध जिरल्याशिवाय दुसरं टाकतोस का?

भाऊ: तलावाला स्वप्नं पडत नाहीत.

बहीण: म्हणजे?

भाऊ: जुनी घेत होतो तेव्हा दिवसा अंथरूण सुटायचं नाही. पण डोळा लागला की तुझी वहिनी यायची. त्या खोल बाजूनं, शिडी चढत. पाणी हिरवंगार, आणि आवाज कशालाच नाही. नवी सुरू झाली आणि दिवस सुधारले. काल एक पोरगी सूर मारताना पोटावर आपटली, तर मी खो खो हसलो. रात्री मात्र काहीच नाही. नुसता काळोख.

बहीण: या जातीच्या गोळ्यांनी होतं तसं. स्वप्नं आटतात.

भाऊ: मी बरा झालो आणि तिला घालवून बसलो.

बहीण: वहिनी आजारानं गेली, दादा. तू नाही घालवलंस. आता तूही गेलास तर मी कुणाकडे बघायचं? दे ती इकडे.

भाऊ: ...घे.

बहीण: माझ्या स्वप्नात ती एकदाही आली नाही. कशी यायची रे? सांग ना.

भाऊ: निथळत. टॉवेल मागायची.

बहीण: मग?

भाऊ: मी आणायला वळायचो, की जाग यायची.